चमकीशिवाय चमक: सोलापुरात मेकअप शिकणाऱ्यांसाठी प्लास्टिक ग्लिटरचे पर्याय

मेकअपचे काम नव्याने शिकायला लागलेल्या मुली पहिल्याच महिन्यात नवी पेठेत जाऊन जे सामान घेऊन येतात, त्यात सुट्या चमकीच्या पाच-सहा डब्या हमखास असतात. डबी स्वस्त असते, रंग डोळ्यांत भरतो आणि मोबाईलवर पाहिलेल्या नवरीच्या पापणीवरची झळाळी याच डबीतून आली असावी, अशी समजूत असते. मी गेली पंधरा वर्षे सोलापुरात हे काम करते आणि त्यातली पहिली सात-आठ वर्षे मीही तीच चमकी वापरत होते. तिच्या जागी काय घ्यावे आणि नवशिक्या व्यक्तीने कोणत्या क्रमाने हा बदल करावा, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी हातातली वस्तू नेमकी काय आहे, ते माहीत असले पाहिजे. बाजारातली बहुतेक चमकी ही पीईटी या प्लास्टिकच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्या ज्याच्या बनतात त्याच पदार्थाच्या, अतिशय पातळ पापुद्र्यापासून तयार होते. त्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर आणि त्यावर रंगाचा थर चढवून यंत्रावर त्याचे बारीक षटकोनी तुकडे कापतात. पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकच्या कणाला सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. इतर प्लास्टिकला झिजून तुटून त्या मापाचे व्हायला वेळ लागतो, चमकी मात्र कारखान्यातूनच त्या मापाची होऊन येते. रात्री चेहरा धुतला की ती मोरीत जाते. सांडपाण्यावर प्रक्रिया होते तेथे बराचसा भाग गाळात अडकतो, आणि तो गाळ खत म्हणून वापरला गेला तर कण शेतात पोहोचतात. जे अडकत नाहीत ते नाल्यांतून सीनेकडे जातात आणि सीना पुढे हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. जेथील संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे, त्या संगमापर्यंत आपल्या हातची चमकी जाऊ शकते, ही गोष्ट मला मनापासून लागली.

युरोपीय संघाने २०२३ मध्ये हेतुपुरस्सर मिसळलेल्या सूक्ष्मप्लास्टिकवर निर्बंध आणले. हस्तकला आणि सजावटीच्या सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री तेथे १७ ऑक्टोबर २०२३ पासून बंद झाली; मेकअपच्या उत्पादनांना २०३५ पर्यंत मुदत आहे, पण २०३१ पासून त्यांच्या वेष्टनावर तशी सूचना छापावी लागेल. म्हणजे जी चमकी तेथे पाकिटात भरून विकता येत नाही, ती पापणीवर लावायला २०३५ पर्यंत सवलत आहे. आपण त्या सवलतीची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण पर्याय आजही मिळतात.

पहिली पायरी: चमक हवी की चमकी, हे ठरवा

नवशिक्यांची सगळ्यात मोठी गफलत येथे होते. चमक म्हणजे त्वचेवर पसरलेली सलग झळाळी आणि चमकी म्हणजे वेगवेगळे दिसणारे, लुकलुकणारे ठिपके. ग्राहक जेव्हा म्हणते, “ताई, जरा चमकी लावा की हो,” तेव्हा दहापैकी आठ वेळा तिला झळाळीच हवी असते. ठिपके तिने मागितलेले नसतात. तिने मोबाईलवर दाखवलेला फोटो मोठा करून पाहा. पापणीवर सोन्याचा पत्रा चढवल्यासारखा सलग पट्टा दिसत असेल, तर ते काम अभ्रकावर आधारलेल्या पिगमेंटचे, म्हणजे रंगाच्या बारीक भुकटीचे, आहे आणि त्यासाठी चमकीचा एक कणही लागत नाही. वेगवेगळे टपोरे ठिपके दिसत असतील, तरच पुढे सांगितलेल्या सेल्युलोज चमकीचा, म्हणजे झाडांच्या लगद्यापासून केलेल्या चमकीचा, विचार करायचा.

प्रसंगही पाहावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांतल्या लग्नात, जेव्हा आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घामाबरोबर ठिपके गालावर ओघळतात आणि अक्षता पडेपर्यंत नवरीच्या नाकावर चमकी येऊन बसते. नीट दाबून बसवलेली अभ्रकाची झळाळी त्या मानाने जागेवर राहते. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहाच्या मंचावर दूर बसलेल्या प्रेक्षकाला ठिपके वेगळे दिसतच नाहीत, तेथेही सलग झळाळीच उठून दिसते. ठिपके खरोखर शोभतात ते जवळून काढलेल्या फोटोत आणि रात्रीच्या दिव्यांत, आणि असे प्रसंग आपल्या कामात मोजकेच असतात.

दुसरी पायरी: वेष्टन वाचायला शिका

भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी असणे आवश्यक आहे. आयात केलेल्या मालावर नोंदणी क्रमांक असावा लागतो. ज्या डबीवर यातले काहीच नाही आणि फक्त एक चकचकीत कागद चिकटवलेला आहे, ती डबी चेहऱ्यासाठी घेऊच नये, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो.

घटकांच्या यादीत ‘पॉलिइथिलीन टेरेफ्थॅलेट’ हे लांबलचक नाव, म्हणजेच पीईटी, दिसले, की ती प्लास्टिक चमकी समजावी. ‘पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट’ आणि ‘पॉलियुरेथेन’ ही नावेही त्याच घरातली आहेत. याउलट ‘मायका’ म्हणजे अभ्रक, आणि त्याचा रंग-क्रमांक (कलर इंडेक्स) सीआय ७७०१९ असा लिहिलेला असतो. त्याच्या सोबत सीआय ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड आणि सीआय ७७४९१ म्हणजे लोहाचा लाल ऑक्साइड दिसेल. यांत घाबरण्यासारखे काही नाही, कारण अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर याच पदार्थांचा थर चढवून मोतिया, सोनेरी आणि तांबूस झळाळी तयार करतात. थर किती जाड आहे यावर परतणाऱ्या प्रकाशाचा रंग ठरतो, म्हणून एकाच अभ्रकातून निळी झाकही मिळते आणि सोनेरीही. ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ हे नाव अवघड असले तरी त्याचा अर्थ प्रयोगशाळेत घडवलेले अभ्रक एवढाच आहे. ‘बोरोसिलिकेट’ लिहिलेले असेल तर ते काचेचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात आणि त्यांची लकाकी अभ्रकापेक्षा तीव्र दिसते. शाकाहारी ग्राहकांसाठी आणखी एक नाव लक्षात ठेवावे: ‘ग्वानिन’, सीआय ७५१७०, हे माशांच्या खवल्यांपासून मिळते.

वेष्टनाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेल्या ‘इको’, ‘ग्रीन’, ‘नॅचरल’ या शब्दांना स्वतःचा असा काही अर्थ नाही. डबी उलटून मागची बारीक अक्षरे वाचावीत. अक्षरे फारच बारीक असतील तर मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचावा. मी दुकानात उभी राहून हेच करते आणि आता दुकानदारांनाही त्याची सवय झाली आहे.

अभ्रक घेताना एक प्रश्न नक्की विचारा

अभ्रक खनिज आहे, प्लास्टिक नाही, म्हणून विषय संपला असे मला काही काळ वाटत होते. पण झारखंडमधील कोडरमा आणि गिरिडीह या पट्ट्यात बंद पडलेल्या खाणींतून आणि टेकड्यांवरून अभ्रकाचा चुरा, ज्याला तिकडे ढिबरा म्हणतात, वेचण्याचे काम लहान मुलेही करत आली आहेत, आणि त्यांत दरडी कोसळून जीव गेले आहेत. हे थांबवण्यासाठी २०१७ मध्ये अभ्रक वापरणाऱ्या कंपन्यांचा ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ हा गट स्थापन झाला. म्हणून खरेदीपूर्वी कंपनीला संदेश पाठवून आपले अभ्रक कोठून येते, असे सरळ विचारावे. उत्तर मिळाले नाही तर कृत्रिम अभ्रकाचे पिगमेंट घ्यावे. ते भट्टीत उच्च तापमानाला घडवावे लागते, म्हणून त्याला ऊर्जा जास्त लागते आणि किंमतही थोडी चढी असते. पण त्यात लोहाची अशुद्धी नसल्याने रंग स्वच्छ उमटतो आणि त्यामागे कुणा लेकराचे हात नसतात. मी स्वतः पापण्यांच्या कामासाठी आता कृत्रिम अभ्रकच वापरते.

तिसरी पायरी: घरी आणलेला माल तपासा

चिमूटभर माल पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहावा. सगळे कण एकाच मापाचे आणि षटकोनी असतील, तर ती पापुद्रा कापून केलेली चमकी आहे. कण वेडेवाकडे, कमीजास्त मापाचे आणि पिठासारखे बारीक असतील, तर ते अभ्रक असण्याची शक्यता जास्त. बोटांवर चोळून पाहिले की फरक आणखी स्पष्ट होतो: अभ्रक रेशमासारखे त्वचेवर पसरते, चमकी वाळूसारखी टोचते.

चमकी षटकोनी आहे एवढ्यावरून ती प्लास्टिकची की सेल्युलोजची, हे कळत नाही. त्यासाठी स्टीलच्या जुन्या चमच्यावर अगदी थोडी चमकी घेऊन, खिडकी उघडी ठेवून, चमचा खालून तापवावा. प्लास्टिक आधी आकसते, मग वितळून गोळा होते. सेल्युलोज वितळत नाही, कागदासारखे काळे पडून जळते. धूर नाकात जाऊ देऊ नये आणि ही तपासणी मुलांसमोर करू नये.

चौथी पायरी: अभ्रकाची झळाळी बसवण्याची रीत

“अभ्रक फिके दिसते” ही तक्रार मी नेहमी ऐकते, आणि प्रत्येक वेळी दोष लावण्याच्या रीतीत सापडतो. कोरड्या ब्रशने कोरड्या पापणीवर फिरवलेले पिगमेंट उडते, गालावर सांडते आणि खरोखरच फिके दिसते. त्याऐवजी असे करावे.

पापणी स्वच्छ करून तिच्यावर क्रीमच्या स्वरूपातला बेस अतिशय पातळ लावावा. सोनेरी आणि गुलाबी झळाळीसाठी त्वचेच्या रंगाचा बेस चालतो. मोरपंखी किंवा जांभळी झाक हवी असेल तर खाली गडद तपकिरी किंवा काळा बेस द्यावा, कारण परतणारा रंग गडद पार्श्वभूमीवरच उठून दिसतो. बेस सुकण्याआधी, हाताला किंचित चिकट लागत असतानाच, पुढचे काम करायचे असते. पिगमेंट छोट्या झाकणात काढून घ्यावे, सपाट ब्रशवर गुलाबपाण्याचा एक फवारा मारावा, जास्तीचे पाणी कागदावर टिपून घ्यावे आणि ब्रश पिगमेंटमध्ये दाबून उचलावा. तो पापणीवर फिरवू नये, दाबून ठेवावा आणि उचलावा; पुन्हा दाबावा. फिरवल्याने पापुद्रे आडवेतिडवे उभे राहतात आणि प्रकाश विखुरतो, दाबल्याने ते त्वचेला समांतर निजतात आणि आरशासारखे काम करतात. पहिला थर पूर्ण सुकल्यावर फक्त पापणीच्या मध्यभागी, बुबुळाच्या वर, दुसरा थर बोटाच्या टोकाने दाबावा. एवढ्याने जी झळाळी येते, ती पाहून नवरीची आईसुद्धा चमकी मागत नाही, असा माझा अनुभव आहे.

गालांच्या उंचवट्यावर हेच पिगमेंट दोन थेंब बदाम तेलात कालवून लावता येते, परंतु उन्हाळ्यात तेलाऐवजी कोरफडीचा जेल घ्यावा. घरच्या कुंडीतली कोरफड कापून थेट लावू नये. पानातून निघणाऱ्या पिवळ्या चिकामुळे अनेकांना खाज येते. पेट्रोलियम जेलीही आपल्या उन्हात टिकत नाही, ती पातळ होऊन घसरते. ओठांवर लावायचे असेल तर पिगमेंटच्या वेष्टनावर ओठांसाठी चालते असे स्पष्ट लिहिलेले हवे, कारण पापणीला चालणारा प्रत्येक रंग ओठांना चालत नाही.

नव्या ग्राहकावर काहीही वापरण्याआधी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून ठेवावे, ही सवय पर्यावरणपूरक मालालाही तितकीच लागू आहे.

ठिपकेच हवे असतील तर

अशा वेळी सेल्युलोजची चमकी घ्यावी. ती निलगिरीसारख्या झाडांच्या लगद्यापासून केलेल्या पापुद्र्याची असते आणि यादीत ‘रीजनरेटेड सेल्युलोज’ असे नाव दिसते. मात्र ‘जैवविघटनशील’ या एका शब्दावर विश्वास ठेवू नये, विघटन कोठे होते ते विचारावे. काही चमकी पीएलए या मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या प्लास्टिकची असते. ती कंपोस्ट होते हे खरे, पण त्यासाठी साठ अंशांच्या आसपास तापमान राखणारा औद्योगिक प्रकल्प लागतो, आणि नाल्याच्या पाण्यात तसे तापमान नसते. गोड्या पाण्यातील विघटनाची हमी हवी असेल तर टीयूव्ही ऑस्ट्रिया या संस्थेचे ‘ओके बायोडिग्रेडेबल वॉटर’ हे चिन्ह शोधावे; त्यासाठी ५६ दिवसांत ९० टक्के विघटन दाखवावे लागते. त्याच संस्थेचे ‘ओके कंपोस्ट इंडस्ट्रियल’ असे चिन्ह वेगळे आहे, दोघांची गल्लत करू नये.

सेल्युलोज चमकी निर्दोष आहे, असेही मी शिकवत नाही. तिच्यावरही बहुधा ॲल्युमिनियमचा आणि रंगाचा थर असतो. इंग्लंडमधील अँग्लिया रस्किन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३६ दिवसांनंतर चमकी असलेल्या पाण्यातील डकवीड या पाणवनस्पतीची मुळे निम्म्याने आखूड राहिली आणि पाण्यातील हरितद्रव्य तिपटीने कमी भरले. हा परिणाम प्लास्टिकच्या चमकीपुरता मर्यादित नव्हता, पर्यायी चमकीनेही तो दिसला. म्हणून सेल्युलोज चमकीसुद्धा चिमटीने मोजून, डोळ्याच्या एका कोपऱ्यापुरती वापरावी आणि तीही मोरीत सोडू नये.

वापरताना लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी, की सेल्युलोज ओलावा शोषून घेते. जेलमध्ये आधीच कालवून ठेवलेली चमकी काही दिवसांनी मऊ पडते आणि रंग सोडू लागते, म्हणून लागेल तेवढीच त्या वेळी कालवावी आणि डबीत ओला ब्रश कधीही घालू नये. चिकटवण्यासाठी मिळणारा ‘ग्लिटर ग्लू’ बहुधा ॲक्रिलेट जातीचा, म्हणजे स्वतःच कृत्रिम बहुवारिक (पॉलिमर) असतो. कोरफडीच्या जेलवर चिमूटभर चमकी चार-पाच तास सहज टिकते.

मीठ किंवा साखर खाण्याच्या रंगात भिजवून घरगुती चमकी करण्याच्या कृती फिरत असतात. त्या चेहऱ्यासाठी करू नयेत. मिठाचा खडा घामाने विरघळून डोळ्यात गेला तर भयंकर झोंबतो आणि साखरेने मुंग्या व चिकटपणा दोन्ही येतात.

मुलांच्या स्नेहसंमेलनात

येथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या संमेलनात चाळीस मुलींचा मेकअप करताना माझ्याकडची चमकी संपली आणि मी जवळच्या स्टेशनरीच्या दुकानातून हस्तकलेची चमकी मागवून वापरली. दुसरीतल्या एका मुलीने डोळा चोळला. नेत्रतज्ज्ञांनी कण काढला तेव्हा बुबुळावर ओरखडा उमटलेला होता. ती आठवड्यात बरी झाली, पण तिच्या आईसमोर उभे राहताना मला जे वाटले, ते मी विसरलेले नाही. हस्तकलेची चमकी मोठी असते, तिच्या कडा धारदार असतात आणि ती त्वचेसाठी तपासलेली नसते. रांगोळीतली चमकीही याच कारणाने चेहऱ्यापासून दूर ठेवावी.

तेव्हापासून दहा वर्षांखालच्या मुलांच्या डोळ्यांजवळ मी कोणतीही चमकी लावत नाही. गालाला अभ्रकाचा एक हात आणि कपाळाला कुंकवाची चंद्रकोर किंवा पुन्हा पुन्हा वापरता येणारी कुंदनाची बिंदी दिली, की मंचावर मूल शोभून दिसते. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत बतुकम्मा या फुलांच्या सणाच्या वेळी केवढी आरास होते; त्यावरून सुचून मी नाचणाऱ्या मुलींच्या केसांत झेंडू आणि शेवंती माळायला सुरुवात केली. मंचावरच्या दिव्यांत पिवळ्या फुलांचा रंग चमकीपेक्षा लांबून दिसतो.

शेवटची पायरी: उतरवणे आणि जुना साठा

मेकअप उतरवताना आधी पाणी लावू नये. ठिपके कोरड्या त्वचेवरून कागदी चिकटपट्टीने हलकेच उचलावेत. डोळ्यांजवळ मात्र पट्टी न लावता खोबरेल तेलात बुडवलेला सुती कपड्याचा तुकडा दहा-पंधरा सेकंद पापणीवर ठेवून, एकाच दिशेने पुसावे. कपडा दुमडून त्याच्या स्वच्छ बाजूने पुन्हा पुसावे आणि मगच चेहरा धुवावा. पट्टी आणि चमकी लागलेले तुकडे कोरड्या कचऱ्यात टाकावेत, धुऊ नयेत. ग्राहक घरी जाणार असेल तर तिला ही रीत समजावून सांगावी आणि सोबत तेलात भिजवलेले दोन तुकडे छोट्या डबीत द्यावेत. मी हे गेली काही वर्षे करते आणि बहुतेक जणी ते वापरतात. ब्रशही आधी तेलाच्या कपड्यावर पुसून मग धुवावेत.

घरात आधीपासून असलेल्या प्लास्टिक चमकीचे काय करावे, असा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. ती संपवण्यासाठी वापरत राहू नये आणि बेसिनमध्ये तर मुळीच ओतू नये. सगळ्या डब्या एका झाकणाच्या प्लास्टिक बाटलीत रिकाम्या करून झाकण चिकटवून टाकावे, वर ‘उघडू नये’ असे लिहावे आणि ती बाटली कोरड्या कचऱ्यात द्यावी. रिकाम्या डब्या मात्र कोरड्या कपड्याने आतून पुसून घ्याव्यात. नव्या पिगमेंटमधले प्रवासापुरते थोडे काढून ठेवायला त्या उपयोगी पडतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या खरेदीत फक्त तीन पिगमेंट घ्यावीत: उबदार सोनेरी, तांबूस गुलाबी आणि मोतिया. दहा ग्रॅमची एक डबी संपायला मला दोन लग्नसराया लागतात. सेल्युलोज चमकीची एकच छोटी डबी, सोनेरी रंगाची, पुरेशी आहे. तीही पहिली ठिपक्यांची मागणी आल्यावरच घ्यावी.